क्लाउडवर तयार इमेजवरून हेझलकास्टचे तीन सर्व्हर उभे केले, पण ते एकमेकांना ओळखत नाहीत. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये तयार इमेजवरून (सॉफ्टवेअर बसवलेल्या डिस्कच्या नकलेवरून) ४ जीबीच्या तीन मशीन उठवल्या, तिन्ही एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) आहेत, तिन्हींवर हेझलकास्ट चालू आहे (म्हणजे डेटाबेसला सारखं विचारावं लागू नये म्हणून उत्तरं अनेक मशीनच्या मेमरीत मिळून साठवणारं कॅश सॉफ्टवेअर), आणि तरी प्रत्येकीच्या लॉगमध्ये मेंबर्सच्या पुढे साइझ १ दिसतो. नांदेडला घरच्या वायफायवर दोन लॅपटॉप मात्र काहीही न सांगता जुळले होते. मी लातूरला आडत बाजारासाठी भाव दाखवणारी ॲपं बनवतो, आणि हा घोळ स्वतः निस्तरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरच्या नेटवर्कवर हेझलकास्ट दवंडी पिटतं. ‘मी आलोय, अजून कोण आहे?’ असा मल्टिकास्टचा पुकारा होतो, तो सगळ्यांच्या कानावर जातो आणि मंडळी जमतात. क्लाउडच्या साध्या व्हीपीसीत, म्हणजे तिथल्या आपल्या खाजगी नेटवर्कात, मल्टिकास्ट चालतच नाही. ट्रान्झिट गेटवे (नेटवर्कं जोडणारी एडब्ल्यूएसची सेवा) लावून ते करता येतं, पण तीन मशीनसाठी त्या भानगडीत पडू नका. दवंडी कुणालाच ऐकू आली नाही की प्रत्येक मशीन समजते आपण एकटेच आहोत, आणि एकटीचंच क्लस्टर (मशीनचा गट) करून बसते. एरर कुठेच येत नाही. म्हणून शोधायला वेळ लागतो.

दवंडी बंद झाली की पत्ता द्यावा लागतो. सोपा मार्ग म्हणजे जॉइनच्या सेटिंगमध्ये मल्टिकास्ट बंद करून टीसीपी-आयपी (पत्त्यांच्या यादीवरून जोडणी) चालू करा आणि तिन्ही मशीनचे प्रायव्हेट आयपी, म्हणजे नेटवर्कच्या आतले पत्ते, लिहा. पब्लिक आयपी लिहू नका. मशीन बंद करून परत चालू केली की तो बदलतो, व्हीपीसीतला प्रायव्हेट आयपी मात्र टिकतो. दुसरा मार्ग, जो मी वापरतो, तो म्हणजे मशीनना टॅग लावायचा आणि हेझलकास्टच्या एडब्ल्यूएस डिस्कव्हरीला सांगायचं की या टॅगच्या मशीन शोध. त्यासाठी मशीनला आयएएम रोल (एडब्ल्यूएसमध्ये तिला काय करता येईल ते ठरवणारी ओळख) लागतो आणि त्या रोलमध्ये डिस्क्राइब-इन्स्टन्सेसची, म्हणजे मशीनची यादी बघण्याची, परवानगी लागते. परवानगी नसेल तर यादी हाती येत नाही आणि आपण परत साइझ १ वर. उद्या चौथी मशीन वाढवली तर या मार्गात कुठलीच फाइल बदलावी लागत नाही.

मग सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे मशीनशी कोण कुठल्या पोर्टवर बोलू शकतं ते ठरवणारी एडब्ल्यूएसची फायरवॉल. हेझलकास्ट ५७०१ पोर्टवर बोलतं. तो पोर्ट उघडा, पण सोर्स म्हणून तोच सिक्युरिटी ग्रुप द्या, म्हणजे त्या ग्रुपातल्या मशीनच एकमेकींशी बोलतील. ॲपच्या मशीनचा ग्रुप वेगळा असेल तर तोही सोर्समध्ये घाला. ‘सध्या चालू तर होऊ दे’ म्हणून सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला, तो असेच उघडे पडलेले मेमकॅश्डचे (कॅशचंच दुसरं सॉफ्टवेअर) सर्व्हर वापरून. ज्यांचे सर्व्हर होते त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. ११२११ पोर्ट यूडीपीवर (पाठवणाऱ्याची खात्री न करता निरोप घेणाऱ्या पद्धतीवर) तसाच उघडा राहिला होता, एवढंच. त्यानंतर मेमकॅश्डने १.५.६ या आवृत्तीत यूडीपी मुळातूनच बंद ठेवायला सुरुवात केली. क्लस्टरचं नावही बदला. न बदलल्यास ते ‘डेव्ह’ असतं, आणि त्याच नेटवर्कमध्ये कुणी सहकाऱ्याने टेस्टसाठी तसंच हेझलकास्ट उठवलं तर ते तुमच्या क्लस्टरमध्ये येऊन बसू शकतं.

आता इमेजबद्दल, कारण तुम्ही पुढे लिहिलंय की एक मशीन नीट बसवून तिचीच इमेज काढणार आणि बाकीच्या तीवरून उठवणार. नेमकं हेच मी रेडिस (हेही कॅशसाठी वापरतात) क्लस्टरच्या बाबतीत केलं होतं. चालू क्लस्टरमधल्या मशीनची इमेज काढली आणि तीवरून तीन नव्या उठवल्या. सोयाबीनच्या ऐन हंगामात एका आडत्याचा फोन आला: ‘‘सर, सौदा निघून अर्धा घंटा झाला, ॲपवर अजून कालचाच भाव दाखवायलंय.’’ गावाकडचा माणूस तो भाव बघून ठरवतो की आज माल गाडीत भरायचा की थांबायचं. कालचा भाव दाखवणं म्हणजे त्याला चुकीचं सांगणंच झालं. त्या दिवशी मी ॲप थेट डेटाबेसवर वळवलं, ते मंद झालं पण खरं बोलायला लागलं, आणि मग शांतपणे कारण शोधलं.

कारण असं होतं. रेडिस क्लस्टरमधला प्रत्येक नोड आपली ओळख नोड्स-डॉट-कॉन्फ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो: स्वतःचा आयडी, शेजारी कोण, डेटाच्या १६३८४ स्लॉटपैकी (कप्प्यांपैकी) कुठले आपल्याकडे. ती फाइल इमेजमध्ये गेली, म्हणून तिन्ही मशीन एकच आयडी घेऊन जन्मल्या, आणि वर जुन्या क्लस्टरमधल्या शेजाऱ्यांना शोधत बसल्या. सोबत डम्प फाइलही (मेमरीतल्या डेटाची डिस्कवरची प्रत) गेली होती. कालचा भाव तिथून आला. नवं क्लस्टर बांधायला गेलो तर ‘नोड रिकामा नाही’ असा नकार. तिन्हींवर फ्लश-ऑल (सगळा डेटा पुसायची आज्ञा) आणि मग क्लस्टर रीसेट हार्ड (जुनी ओळख पुसायची आज्ञा) दिलं, तेव्हा नवे आयडी मिळाले. त्यातून एक अडचण उरलीच होती: क्लस्टर जॉइन होण्याची वाट बघतोय, असं म्हणत नुसती टिंबं उमटत राहिली. ६३७९ उघडा होता, पण नोड आपसात बोलतात तो पोर्ट त्यात १०००० मिळवून होतो, १६३७९. तो बंद होता.

तेव्हापासून मी इमेजमध्ये फक्त ते ठेवतो जे सगळ्या मशीनना सारखं लागतं: ऑपरेटिंग सिस्टिम, जाव्हा, सॉफ्टवेअर, लॉगची व्यवस्था. जे एकेकीचं स्वतःचं आहे, म्हणजे आयपी, नोडचा आयडी, झोन (रीजनमधला डेटा सेंटरचा वेगळा भाग), पासवर्ड, ते मशीन उठताना युझर डेटामधून (सुरू होताना तिला दिल्या जाणाऱ्या सूचनांमधून) द्यायचं, आणि पासवर्ड सीक्रेट सांभाळणाऱ्या सेवेतून घ्यायचा. इमेज काढण्याआधी सर्व्हिस थांबवायची, डेटाची डिरेक्टरी रिकामी करायची, एसएसएचच्या होस्ट-की (दूरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) आणि मशीन-आयडी पुसायचे. हेझलकास्टचं सगळं मेमरीत असतं म्हणून तुम्हाला नोड्स-डॉट-कॉन्फचा त्रास नाही. पण कॉन्फिगमध्ये पहिल्या मशीनचा आयपी ठोकून ठेवला असेल तर तिन्ही मशीन तोच सांगतील, आणि गोंधळ तोच.

मेमरीचा हिशोब तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. हेझलकास्ट जाव्हावर चालतं, आणि जाव्हाला काही सांगितलं नाही तर ते मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा हीपसाठी (प्रोग्रॅमचा डेटा ठेवायच्या जागेसाठी) घेतं. तुमच्या ४ जीबीच्या मशीनवर तो १ जीबी. तिन्हींचे ३. हेझलकास्ट प्रत्येक नोंदीची एक जादा प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवतं, म्हणून खरी जागा दीड जीबी. एक मशीन पडली की उरलेल्या दोघींच्या २ जीबीत दोन-दोन प्रती बसवायच्या, म्हणजे १ जीबी. जाव्हाच्या स्वतःच्या कामाला त्यातून जागा सोडली की हाताशी ६०० एमबीच्या आसपास उरतं. हीप २ जीबी करा, मग हे सगळे आकडे दुप्पट होतील. आणि मॅपवर (हेझलकास्टमधला नोंदींचा साठा) कमाल आकार, एव्हिक्शन (जागा भरली की कुठल्या नोंदी काढायच्या) आणि मुदत या तिन्ही गोष्टी लिहाच. न लिहिल्यास हेझलकास्ट काहीच काढून टाकत नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत मशीन मेमरी संपली म्हणून बसते.

मुदत सगळ्या नोंदींना एकसारखी देऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात आठ दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि शेवटच्या घरी थेंब पोचत नाही. हजार नोंदींची मुदत एकाच सेकंदाला संपली की डेटाबेसचं तेच होतं. पाच मिनिटांची मुदत असेल तर प्रत्येक नोंदीला वर शून्य ते साठ सेकंद यादृच्छिक जोडा. आमच्याकडे सौद्याच्या वेळी डेटाबेसवर येणारा ताण एवढ्याने उतरला.

जागेबद्दल दोन शब्द. मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झाला, हैदराबाद २०२२ मध्ये, आणि नांदेडहून हैदराबाद जवळ आहे म्हणून कॅश तिकडे हलवायचा मोह होईल. ॲपचा सर्व्हर मुंबईत असेल तर हलवू नका. कॅश ॲपच्या शेजारी हवा. एका पानासाठी ॲप कॅशला वीस वेळा विचारतं, वापरणारा ॲपला एकदाच. मशीन वेगवेगळ्या झोनमध्ये ठेवल्यात तर पार्टिशन ग्रुपला (प्रती कुठे ठेवायच्या ते ठरवणारं सेटिंग) झोन-अवेअर करा, नाहीतर मूळ नोंद आणि तिची प्रत एकाच झोनमध्ये पडू शकते.

तुमचं ॲप एका मशीनवर मावत असेल आणि फक्त काही उत्तरं साठवायची असतील, तर मेमकॅश्ड पुरेल. २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकने ते लाइव्हजर्नलसाठी लिहिलं, आणि त्यात सर्व्हर एकमेकांना ओळखतच नाहीत. कुठली नोंद कुठे, ते क्लायंट (ॲपमधला त्याच्याशी बोलणारा भाग) ठरवतो. ओळख करून देण्याचा प्रश्नच मिटतो. मात्र मशीन गेली की तिच्यावरचं सगळं गेलं.

सगळं बसलं की लॉगमध्ये साइझ ३ दिसेल. तेवढ्यावर थांबू नका. गर्दी नसताना एक मशीन मुद्दाम बंद करा. बाकी दोघींचा साइझ २ झाला पाहिजे, नोंदींची संख्या तेवढीच राहिली पाहिजे, आणि ॲपवर भाव दिसत राहिला पाहिजे. मग तिन्ही बंद करून बघा. तेव्हाही भाव दिसला पाहिजे, सावकाश का होईना, थेट डेटाबेसमधून.