ट्विस्टेड मेटल 2 हा गाड्यांच्या लढाईचा जुना प्लेस्टेशन गेम आज खेळण्यासारखा आहे का? त्याआधी पहिला भाग खेळावा लागेल का?

पहिला भाग सोडा, थेट दुसराच सुरू करा. कथेसाठी काही अडत नाही. कॅलिप्सो नावाचा माणूस गाड्यांची जीवघेणी स्पर्धा भरवतो, शेवटी जो उरेल त्याची एक इच्छा पुरी करतो, आणि बहुतेक वेळा अशी पुरी करतो की मागणाऱ्याला पस्तावायची पाळी येते. एवढं ठाऊक असलं की झालं.

1995 चा पहिला गेम लॉस एंजेलिसमध्येच घडतो. सिंगलट्रॅक या गेम बनवणाऱ्या कंपनीने 1996 मध्ये दुसरा भाग आणला तो लढाई जगभर नेऊन: मॉस्को, पॅरिस, न्यूयॉर्कच्या गच्च्या, अंटार्क्टिका, हॉलंड, हाँगकाँग. पण नुसती ठिकाणं वाढली म्हणून मी तो सरस म्हणत नाही. ही ठिकाणं मोडता येतात, बदलतात, आणि त्यावर डाव फिरतो. पॅरिसमध्ये आयफेल टॉवर रिमोट बॉम्बने पाडता येतो. तो आडवा पडला की त्यावरून गाडी सरळ इमारतींच्या छपरांवर चढवता येते. क्षणापूर्वी खाली गल्ल्यांमध्ये लपाछपी चाललेली असते आणि आता वरून मारा सुरू! अंटार्क्टिकात याच्या उलट. बर्फाचे तुकडे एकेक करून तुटत जातात, म्हणजे लढाई लांबली की पायाखालची जागाच आटते. 1996 च्या मानाने ही कल्पकता थक्क करणारी होती, आणि आजही कितीतरी मोठ्या गेममधले नकाशे मला त्यापुढे निर्जीव वाटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दिशांच्या बटणांवरचे डाव. डावं, उजवं, वर असं पटकन दाबलं की समोरची गाडी गोठते. ढाल, उडी, अदृश्य होणं यांचेही असेच क्रम आहेत. त्यात ऊर्जा खर्च होते आणि ती हळूहळूच भरते, त्यामुळे कधी काय वापरायचं याचा विचार करावा लागतो. गोठवण्याचा क्रम आधी बोटात बसवा. तो जमला नाही तर हा गेम नुसता गोंधळ वाटेल आणि तुम्ही अर्ध्यात सोडाल.

गाडी निवडताना मिस्टर ग्रिमच्या मोहात लगेच पडू नका. त्याचं खास अस्त्र जबरदस्त आहे, पण मोटरसायकल असल्याने चार फटक्यांत खेळ खलास. रोडकिल या गाडीने सुरुवात करा. हात बसला की अ‍ॅक्सल घ्या. दोन प्रचंड चाकांच्या मधे अडकवलेला हा माणूस मला मालिकेतली सगळ्यात अस्सल कल्पना वाटते.

चित्रं आज खडबडीत दिसतील, आणि अ‍ॅनालॉग स्टिकच्या (कंट्रोलरवरच्या अंगठ्याने फिरवायच्या दांडीच्या) आधीचा गेम असल्याने वळणं थोडी ताठर वाटतील. हे सुरुवातीलाच खटकेल, थोडं खेळल्यावर विसराल. 2023 पासून तो प्लेस्टेशन 4 आणि 5 वर जुन्या गेमच्या संग्रहात मिळतो, तिथे चुकलं तर खेळ थोडा मागे नेण्याची सोयही आहे. शक्य असेल तर सोबत कुणाला तरी बसवा, कारण पडदा विभागून दोघांनी खेळण्यात याची खरी रंगत आहे.

हा आवडला तर पुढे 989 स्टुडिओज या कंपनीने केलेले तिसरा आणि चौथा भाग वगळून 2001 च्या ट्विस्टेड मेटल ब्लॅककडे वळा. त्यामागे मूळ चमूतलीच बरीच मंडळी होती, आणि ते खेळताना जाणवतं.