जुन्या पेठेत नवं हॉटेल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हॉटेलचा दर्शनी भाग शेजारच्या जुन्या घरांसारखाच करावा का?

नक्षीची नक्कल नको. जुन्या वास्तूत घातलेली भर नवी म्हणून ओळखू यावी, असं 1964ची व्हेनिस सनद, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय सनदही सांगते. शेजाऱ्यांकडून मापं घ्या: मजल्यांच्या रेषा, खिडक्यांची उंची-रुंदी, भरीव भिंत आणि दारं-खिडक्यांची उघडी जागा यांचं प्रमाण. चार प्लॉट एकत्र केले असतील, तर दर्शनी भिंत जुन्या हद्दींवर खंडित करा. सलग लांब भिंतीने गल्लीची लय मोडते, मग दगड कितीही जुळवला तरी उपयोग नाही.

प्रश्न: जुन्या वाड्याच्या लाकडी मजल्यावर प्रत्येक खोलीला बाथरूम कसं द्यायचं?

खोल्यांची आखणी करण्याआधी शाफ्टची, म्हणजे पाइप नेणाऱ्या उभ्या पोकळीची जागा ठरवा. बहुतेक आराखडे इथेच फसतात. 100 मिमीच्या मैलापाइपला 1:40 उतार दिला, तर 4 मीटरमध्ये पाइप 100 मिमी खाली जातो. त्यात पाइपची स्वतःची जाडी धरा. एवढी पोकळी जुन्या मजल्यात नसते. मग प्लंबर तुळईला खाच मारतो. 200 मिमी उभ्या जाडीची तुळई 50 मिमी कापली, की त्या ठिकाणी वाकण्याविरुद्धची ताकद जवळपास 44 टक्क्यांनी घटते, कारण ती उभ्या जाडीच्या वर्गावर (जाडी × जाडी) अवलंबून असते. तुळईच्या दोन आधारांच्या मधोमध मारलेली खाच सर्वांत घातक.

म्हणून बाथरूम एकावर एक ठेवा आणि कमोड शाफ्टला चिकटवून बसवा. शाफ्टचं दार कॉरिडॉरमध्ये काढा. गळती शोधायला पाहुण्यांची खोली उघडावी लागू नये.

प्रश्न: जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तो वर्षभरात फुगला. का?

चुन्यातली भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंट ती अडवतं. आतले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन त्याला ढकलतात, सोबत विटेचा पापुद्राही निघतो. गिलावा काढा, ओलीचा उगम बंद करा, भिंत वाळू द्या आणि मग चुन्याचाच गिलावा करा. वरून प्लास्टिक इमल्शनचा रंग लावू नका.

प्रश्न: शेजारच्या जुन्या भिंतीलगत तळघर खणता येईल का?

येईल, पण सलग चर मारून नव्हे. भिंतीखाली नवा खोल पाया साधारण 1 मीटरच्या तुकड्यांत, एकाआड एक घाला. एका तुकड्याचं काँक्रीट पक्कं होऊन ते आणि वरचा जुना पाया यांमधली फट घट्ट भरल्याशिवाय लगतचा तुकडा उघडू नका. ठोकून घालायचे पाइल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) टाळा, ड्रिल केलेले वापरा. काम सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या भिंतींवरच्या भेगांचे फोटो काढा आणि भेगांवर तारीख घालून काचेच्या पट्ट्या चिकटवा. पट्टी तडकली, तर खोदाई त्याच दिवशी थांबवा.