आशियातल्या देशांनी आधी श्रीमंत व्हावं आणि प्रदूषण नंतर निस्तरावं, यात चूक काय? जपाननं तेच केलं ना?

जपानचं उदाहरण देणाऱ्यांनी तिथल्याच मिनामाता या समुद्रकाठच्या गावाबद्दल जरूर वाचावं. तिथल्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा हेच कारण, हे सरकारनं मान्य केलं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं तिथल्या कोळ्यांनी तेच मासे खाल्ले. त्यांच्या घरात जन्मतःच अपंग मुलं आली. त्यांचं कोण काय निस्तरणार होतं?

मी इचलकरंजीचा, पंचगंगेकाठचा. माग, सायझिंग (सुताला खळ देणं), प्रोसेस (कापड धुणं-रंगवणं) यांवर गाव मोठं झालं, आमचं घरही त्यावरच चाललं. २०१२ च्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली, माणसं दगावली. माझी बहीण तेव्हा गरोदर होती, आणि गरोदरपणात ही कावीळ जिवावर बेतते. डोळे पिवळेजर्द, पोटात पाणी ठरेना, आई रात्रभर उशाशी बसून. बहीण वाचली. पण त्याच दिवसांत दवाखान्याच्या जिन्यात दाजी मला म्हणाले, "धंदा वाढू दे, पैसा आला की नदीपण साफ होईल." दाजी प्रोसेसमध्ये सुपरवायझर. तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे.

ही कावीळ मैलापाण्यातून पसरते, कापडाच्या रंगातून नाही, असं दाजी सुनावतात. ते खरंच आहे. पण देशभर कापड पाठवणाऱ्या गावाला स्वतःचा मैला आवरता आला नाही, तो काय पैसा नव्हता म्हणून? पैसा केव्हाच आला होता. नदीच्या खालच्या अंगाला तेरवाडच्या बंधाऱ्यावर जाऊन बघा, काळं पाणी आणि मेलेल्या माशांचा खच. तिथले शेतकरी रस्त्यावर उतरले की नोटिसा निघतात, एरवी सामसूम.

जपानमध्येही लोक कोर्टात गेले, रस्त्यावर आले, तेव्हा १९७० मध्ये एकाच अधिवेशनात प्रदूषणाचे १४ कायदे झाले. त्यानं जपानचे कारखाने काही बुडाले नाहीत.

खप कमी करा असं मात्र मी म्हणत नाही. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ च्या आसपास. आमच्याकडच्या माणसानं दुसरा सदरा घेतला तर कुणी बोलू नये. आणि छोट्या प्रोसेसवाल्याला एकट्याला शुद्धीकरण परवडत नाही, हेही मान्य. त्यासाठी सगळ्यांचं मिळून सामाईक केंद्र लागतं, ते रात्रंदिवस चालावं लागतं, आणि त्याचा खर्च कापडाच्या दरात धरावा लागतो. दाजी म्हणतात, दर वाढला तर गिऱ्हाईक सुरतेला जाईल. मग सुरतेलाही तोच नियम लावा. आज तो खर्च तेरवाडचा शेतकरी सोसतोय, आणि त्या कापडातला एक रुपया त्याला मिळत नाही.