उरलेलं औषध, उरलेलं बियाणं आणि घरातली लेकरं

तुरीवरची फवारणी आणि हरभऱ्याची पेरणी एकाच वेळी चालू आहे. त्यामुळे अर्धवट डबे, उरलेलं बियाणं, धान्यात टाकायच्या गोळ्यांच्या नळ्या सगळं घरात येऊन पडलंय. या पंधरवड्यात आलेले बरेचसे प्रश्न त्याचेच आहेत.

प्रश्न (जिंतूर तालुका): घर दोन खोल्यांचं, तीन वर्षांचं लेकरू सगळीकडं फिरतं. फवारणीचं औषध ठेवावं कुठं?

जागेच्या आधी बाटलीचं बोलू. मागं एका माळवदाच्या घरी चहाला बसलो होतो. देवळीत खोबरेल तेलाची बाटली होती आणि तिला खेटून पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, तळाला चार बोटं पिवळसर, तेलकट काहीतरी. विचारलं तर आजी म्हणाल्या, "औषध हाय ते, शेजारच्यानं निम्मं दिलंय."

घोळ होतो तो इथंच. लिटरचा डबा दोघांत घ्यायचा आणि एकाचा वाटा पाण्याच्या, नाहीतर थंड पेयाच्या बाटलीत काढायचा. डब्यावर निदान इशाऱ्याचं चिन्ह असतं, या बाटलीवर काय असतं? रात्री लाईट गेल्यावर तहानलेला मोठा माणूसही ती तोंडाला लावतो. त्यातून खोकल्याचंही 'औषध' आणि कापसावरचंही 'औषध'. शिबिरात मीही औषधच म्हणतो, जिभेला सवय लागलीय. पण घरात लेकरांसमोर सरळ 'विष' म्हणा.

तेव्हा औषध मूळ डब्यातून दुसरीकडं काढायचं नाही. 100 किंवा 250 मिलीचं पॅकिंग मिळत असेल तर तेच घ्या. भागीत घेतलंच, तर शेतावर मोजून थेट पंपाच्या पाण्यात टाका. उरलेला डबा पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावा आणि पेटी शक्यतो घराबाहेर, शेतातल्या आखाड्यावर ठेवा. गोठ्यात मात्र नको, तिथं सरकी पेंड आणि कडबा असतो. नुसतं उंच फळीवर ठेवून भागत नाही. लेकरू डबा-बादली रचून चढतं. मापाचं झाकणसुद्धा पेटीतच टाका, ते लेकरांना खेळायला फार आवडतं.

डब्यावरचा त्रिकोण पाहत चला. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं समजणारे पुष्कळ भेटतात. तसं नाही, तेही पेटीतच.

प्रश्न (औसा तालुका): बीजप्रक्रिया केलेला (पेरणीसाठी बुरशीनाशक लावलेला) हरभरा दहा-बारा किलो उरला. धुऊन डाळ केली तर चालेल का?

नाही. रंग धुऊन जातो, बुरशीनाशक पूर्ण जात नाही. कोंबड्यांना, जनावरांनाही घालू नका, आडतीवर नेऊन मिसळू तर नकाच. पोत्यावर ठळक 'विष' लिहून धान्यापासून वेगळं ठेवा. पेरायला वापरायचं नसेल तर विहीर-नाल्यापासून लांब खोल पुरा. पुढच्या वेळी लागेल तेवढ्याच बियाण्याला प्रक्रिया करा.

प्रश्न (भोकरदन तालुका): ज्वारीच्या कणगीत गोळ्या टाकल्या तर त्याच खोलीत झोपता येईल का?

अजिबात नाही. ही अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम. तो हवेपेक्षा किंचित जड असतो आणि बंद खोलीत साचतो. कधी लसणासारखा, कधी सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वासावर विसंबू नका. यावर उतारा नाही. नियमानं ही गोळी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायची असते, घरात कणगीत टाकायला नव्हे. दुकानदारानं कागदाच्या पुडीत सुट्टी दिली तरी घेऊ नका.

ज्वारी दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा, थंड झाल्यावर हवाबंद कोठीत किंवा पिशवीत भरा. घरच्या वापराला तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

प्रश्न (गेवराई तालुका): चुकून पोटात गेलंच तर आधी काय करावं?

मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. तेलकट औषध किंवा रॉकेल ओकताना फुफ्फुसात उतरतं आणि दुखणं दुप्पट होतं. दूध, तूप, ताकही नको. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर 15 मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा. तुमच्या हातालाही विष लागू देऊ नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा आणि 108 ला फोन लावा. लाळ गळणं, दरदरून घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या होणं ही सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकांची खूण आहे. त्यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन लागतं, ते दवाखान्यातच मिळतं. चंद्रज्योतीच्या (मोगली एरंडाच्या) विषारी बिया खाल्लेल्या शाळेतल्या पोरांनाही घरगुती उपाय न करता लगेच दवाखान्यात न्या.

जाताना डबा सोबत घ्या, नुसतं नाव सांगून भागत नाही. 'तुरीवरचं औषध' एवढ्यावर डॉक्टरला काही कळत नाही, त्याला लेबलवरचा घटक वाचायला लागतो. डबा हाताशी नसेल तर दुकानाची पावती चालेल. म्हणून पावतीही पेटीतच ठेवा.