थंडीत उन्हाळ्याची ओढ

प्रश्न : हिवाळा लागला की मन उदास होते आणि उन्हाळा कधी येतो असे होऊन जाते. पृथ्वी सूर्यापासून दूर जाते म्हणून थंडी पडते, असे ऐकले आहे. मग डिसेंबरअखेरीस दिवस मोठा होऊ लागला, तरी जानेवारीत थंडी का वाढते?

उत्तर : अंतराचा हा समज खोलवर रुजलेला असला, तरी वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या आरंभी हेच अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर भरते. शिवाय उत्तर गोलार्ध गारठलेला असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा चालू असतो. अंतरामुळे ऋतू होत असते, तर दोन्हीकडे एकाच वेळी थंडी पडली असती.

ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे. वर्षभर तो एकाच दिशेला रोखलेला राहतो, म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये सूर्यापासून दूर कलतो. हिवाळ्यात भर दुपारी आपली सावली अवश्य पाहावी. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल, तर ती आपल्या उंचीच्या जवळजवळ पावणेदोन पट लांब पडते, आणि माथ्यावरच्या सूर्याचे जे ऊन एक हात जमिनीवर पडले असते, ते तिरपे होऊन दोन हातांवर पसरते. त्यात दिवसही लहान : ५० अंश उत्तर अक्षांशावर जूनमध्ये सोळा तासांचा असणारा दिवस डिसेंबरमध्ये जेमतेम आठ तासांचा उरतो.

जानेवारीतल्या थंडीचे म्हणाल, तर जमीन आणि विशेषतः समुद्र साठवलेली उष्णता सावकाश सोडतात. २१-२२ डिसेंबरनंतर ऊन वाढू लागले, तरी काही आठवडे मिळणाऱ्या उष्णतेपेक्षा निसटणारी उष्णता अधिकच असते आणि तोवर पारा उतरत राहतो.

उदासीचा संबंध बहुधा थंडीपेक्षा अपुऱ्या प्रकाशाशी असतो, कारण शरीराचे घड्याळ प्रकाशावर चालते. दर हिवाळ्यात झोप, भूक आणि कामातले लक्ष बिघडत असेल, तर ते अंगावर काढू नये. डॉक्टरांना जरूर दाखवावे, कारण सकाळच्या प्रखर प्रकाशाने यावर उपचार करता येतो. एरवी दिवस वाढल्याची खूण संध्याकाळी शोधावी. उत्तरेच्या मध्यम अक्षांशांवर सूर्योदय जानेवारीच्या आरंभापर्यंत उशिराच होत जातो, पण सूर्यास्त मात्र डिसेंबरच्या मध्यापासूनच पुढे सरकू लागलेला असतो.