मुदतवाढीचे पत्र केव्हा लिहावे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

घणसोलीच्या तुमच्या साईटवर पायाचे काम दीड महिना मागे पडले असून ठेकेदाराच्या वतीने पत्रव्यवहार आता तुझ्याकडे आला आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. मात्र मुदत संपायला चार महिने आहेत, तेव्हा शेवटी सगळ्या विलंबाचा मुदतवाढीसाठी एकच अर्ज करू, हा तुझा विचार मला पटला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

करारात विलंबासाठी दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के असे लिहिलेले असेल, तर आठ कोटींच्या कामावर आठवड्याचे चार लाख होतात आणि दहाव्या आठवड्याला चाळीस लाखांची मर्यादा गाठली जाते. साईटवर आपण याला सरसकट दंड म्हणतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार मात्र तो आकडा म्हणजे वाजवी भरपाईची कमाल मर्यादा आहे. नुकसान मुळात झालेच नसेल तर भरपाईही देय होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली कैलाशनाथ प्रकरणात स्पष्ट केले. तरीही यावर विसंबून राहू नकोस, कारण नुकसान मोजणे कठीण असेल तेथे आधी प्रामाणिक अंदाजाने ठरवलेली रक्कम मान्य होऊ शकते, शिवाय मालक ती बहुधा चालू बिलातूनच कापून घेतो आणि ती परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे ठेकेदारालाच घालावे लागतात.

खाडीलगतच्या एका पंपगृहाच्या कामावर मी तुझ्याच वयाचा असताना पाइल कॅपचे, म्हणजे पायाच्या खांबांना वरून जोडणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याचे, ड्रॉइंग एकोणीस दिवस उशिरा आले. तेवढ्यात जून लागला, खोदलेल्या खड्ड्यात पाणी भरले आणि उपसा करून पुन्हा काम सुरू होईपर्यंत आणखी बरेच दिवस गेले. माझ्या डायरीत रोज पेन्सिलीने ‘ड्रॉइंग नाही’ अशी नोंद होती आणि फोनही मी अनेकदा केले होते, पण पत्र एकही पाठवले नव्हते. अंतिम बिलाच्या वेळी मालकाच्या अभियंत्याने माझी डायरी शांतपणे चाळली आणि तिच्यावर त्याची सही कोठे आहे, एवढेच विचारले. कपात कायम राहिली.

म्हणून अडथळा आला की करारातील सूचनेची मुदत पाहून त्या आतच पत्र जाऊ दे. कोणते ड्रॉइंग, ते कोणत्या तारखेला मिळायला हवे होते, त्यावाचून नेमके कोणते काम थांबले आणि ते काम पूर्णत्वाच्या तारखेला कसे ढकलते, हे सारे त्यात असावे. त्याच काळात तुमचे शटरिंगचे (काँक्रीटचा साचा बांधणारे) मजूरही कमी असतील, तर तेही प्रामाणिकपणे मोजून ठेव. समोरचा पक्ष तेच आधी दाखवेल. अडथळा नोंदवहीत, म्हणजे काम कशामुळे अडले याच्या साईटवरील वहीत, दोन्ही बाजूंची सही त्याच आठवड्यात घे. पावसाबद्दल जपून लिही: ठाण्यात जुलैत पाऊस पडणार हे निविदा भरतानाच माहीत असते, त्यामुळे नेहमीच्या पावसाळ्यासाठी मुदतवाढ मिळणे अवघड, मात्र मालकाच्या उशिरामुळे कोरड्या दिवसांतले काम पावसात ढकलले गेले असेल, तर ती साखळी तारखांसह मांड.

त्याच करार कायद्याच्या कलम 55 चा शेवटचा परिच्छेद दोनदा वाच. समोरच्याने उशिरा दिलेले आपण मुकाट्याने स्वीकारले, तर स्वीकारतानाच तशी सूचना दिल्याशिवाय नंतर भरपाई मागता येत नाही. जागेचा ताबा उशिरा घेताना तुम्ही हे लिहून दिले होते का, ते तपास. मुदतवाढीच्या छापील अर्जात ‘कोणताही जादा दावा करणार नाही’ अशी ओळ कित्येकदा असते. ती वाचल्याविना सही करू नकोस.

करार रद्द होण्याची तुला धास्ती वाटते. नाशिक डाव्या कालव्यावरील जलसेतूच्या कामाच्या वादात, हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली म्हटले की मुदतवाढीची आणि विलंब-भरपाईची कलमे असलेल्या करारात वेळ हा सहसा कराराचा गाभा ठरत नाही, म्हणजे केवळ मुदत चुकली म्हणून करार रद्द करता येत नाही, आणि नवी वाजवी तारीख न देता तो करार रद्द करणे चुकीचे होते. हा आधार मोठा आहे, पण तुमच्या करारातील शब्द त्याच्याशी ताडून पाहा.

दीड महिन्याचा हिशेब तारीखवार मांडून या रविवारी ठाण्याला घरी ये, येताना कराराची प्रत आण. पहिले पत्र आपण बसून लिहू.

तुझा,
काका