पेटंट हाती आलं की नक्कल थांबते का?

प्रश्न : मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उतारावर आपोआप ब्रेक लागेल अशी व्हीलचेअर तिने बनवली आहे. ‘पेटंट घेतलं की २० वर्षं कुणी हात लावू शकत नाही’ म्हणते आणि प्लेसमेंटला बसायलाही तयार नाही. काय करावं? – एक वडील

उत्तर : २० वर्षं खरी, पण ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात, मंजुरीतच त्यातली काही सरतात. आणि हात लावणारे लावतातच. पेटंट कार्यालय कुणाच्या मागे धावत नाही. नक्कल शोधायची तुम्ही, दावा लावायचा तुम्ही, वकिलाची फीही तुमचीच. अमेरिकेत रॉबर्ट कर्न्स यांनी थांबून थांबून चालणाऱ्या वायपरसाठी १९६४ साली अर्ज केला. फोर्डवर दावा लावला १९७८मध्ये. तडजोडीचे १ कोटी २ लाख डॉलर ठरले १९९०मध्ये. मूळ पेटंटची मुदत तेव्हा केव्हाच संपली होती. आणि हा जिंकलेला माणूस!

तिला एक काम द्या. पेटंटच्या अर्जात लिहावं लागतं तसं, आपला ब्रेक नेमका काय आहे, ते एका वाक्यात लिहायला सांगा. ‘स्प्रिंगने दाबला जाणारा ब्रेक’ असं लिहिलं, तर उद्या कुणी स्प्रिंगच्या जागी रबर बसवून मोकळा होईल. (काही न्यायालयं अशी पळवाट मानत नाहीत, पण त्यावर विसंबू नये.) ‘लवचिक घटक’ लिहिलं तर रबरही कचाट्यात येतं. फार ऐसपैस लिहिलं, तर पेटंट कार्यालयाचा परीक्षक एखादी जुनी व्हीलचेअर दाखवून अर्ज परत पाठवतो. कायदा राखतो ते या वाक्यात मावतं तेवढंच. म्हणून यंत्रही कळतं आणि वाक्यही लिहिता येतं, अशा माणसाला या क्षेत्रात मान आहे. पेटंट ड्राफ्टिंग, म्हणजे असे अर्ज लिहिण्याचं काम, तिला आवडलं तर करिअर म्हणून जरूर बघा. इंजिनिअरिंगची पदवी तिथे कामी येते.

घाईचं काम वेगळंच आहे. अर्ज भरेपर्यंत प्रदर्शन नको, व्हिडिओ नको. अमेरिका स्वतःच केलेल्या प्रसिद्धीला एक वर्षाची सवलत देते, युरोपात मात्र आपलाच व्हिडिओ आपल्या अर्जावर उलटतो. एका देशाचं पेटंट दुसऱ्या देशात चालत नाही. पण पहिल्या अर्जानंतर १२ महिन्यांत बहुतेक देशांत तीच तारीख धरून अर्ज करता येतो. ब्रेक कॉलेजच्या लॅबमध्ये बनला असेल, तर मालकी कुणाची हेही आधी विचारून घ्या.

प्लेसमेंटला तिला बसू द्या. फक्त नेमणूकपत्रावर सही करण्याआधी अर्ज दाखल झालेला असू द्या. नोकरीत लागलेला शोध कंपनीचा, असं कलम त्यात बहुधा असतं.